मुक्त विद्यापीठ आणि दर्जाचे नियमन : नाशिकचा अनुभव (१९८९–२०२४)

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे झाली. राज्य विधिमंडळाच्या १९८९ च्या अधिनियम क्रमांक २० ने ते अस्तित्वात आले. हैदराबाद (१९८२), दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५), कोटा आणि पाटणा (दोन्ही १९८७) यांच्यानंतरचे ते देशातले पाचवे मुक्त विद्यापीठ. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले, त्या यशवंतरावांचा नाशिकशी जुना संबंध होता. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. गोदावरीवरील गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन शिवारातल्या मुख्यालयाला ‘ज्ञानगंगोत्री’ हे नाव मिळाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरले.

विद्यापीठाच्या वाढीचा इतिहास विद्यार्थिसंख्या, विद्याशाखा आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आकड्यांतून सांगण्याची प्रथा आहे. त्याला समांतर चाललेली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती आहे दर्जाची : तो कोणी ठरवायचा, कशावरून ठरवायचा आणि कोणी तपासायचा. नेहमीच्या महाविद्यालयात ही तपासणी प्रवेशाच्या खिडकीपासूनच सुरू होते. गुणवत्ता यादी लागते, टक्केवारी पाहिली जाते, पुढे हजेरीचा हिशेब राहतो. मुक्त विद्यापीठाने या दोन्ही चाळण्या स्वतःहून काढून टाकल्या. बारावी न झालेली गृहिणी, सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, सुरगाण्याच्या पाड्यावरचा तरुण यांना आत घ्यायचे, तर टक्केवारी आणि हजेरी हे निकष उपयोगाचे नव्हतेच. मग दर्जा शोधायचा तो तीनच ठिकाणी : विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात, अभ्यासकेंद्रावर आणि परीक्षेत. राष्ट्रीय नियामकांना हे उमगायला आणि त्याप्रमाणे नियम घडवायला जवळजवळ तीस वर्षे लागली. तोवर वर्गातल्या शिक्षणासाठी बनवलेलीच मोजपट्टी कमीअधिक ओढूनताणून लावली जात होती.

राज्याच्या कायद्याने जन्मलेल्या विद्यापीठावर दिल्लीचे नियम का चालतात, हा प्रश्न स्थापनेपासून अधूनमधून विचारला गेला. त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे. शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत असला, तरी उच्च शिक्षणातील दर्जाचा समन्वय आणि निश्चिती हा विषय केंद्र सूचीच्या ६६ व्या नोंदीत आहे. म्हणजे विद्यापीठ स्थापण्याचा अधिकार राज्याचा, पण पदवीला पदवी म्हणायचे तर किमान दर्जा केंद्राने ठरवलेला. या नोंदीच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ साली झाला आणि त्या वैधानिक आयोगाचे पहिले अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. आयोगाची घडण मात्र इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक आणि तासिका यांच्या भाषेत झालेली होती. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलेले पत्रद्वारा शिक्षण हा आयोगाच्या दृष्टीने मुख्य वाड्याला जोडलेला पडवीवजा भाग होता.

१९८५ हे वर्ष या दृष्टीने वळणाचे ठरले. त्या वर्षी आयोगाने अनौपचारिक व दूरशिक्षणातून मिळणाऱ्या पहिल्या पदवीसाठी किमान मानके ठरवणारे विनियम काढले. आधीची शैक्षणिक पात्रता नसलेल्या प्रौढालाही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतून पदवी अभ्यासक्रमाला येण्याची वाट त्यांत ठेवलेली होती. त्याच वर्षी संसदेने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा केला आणि देशभरच्या मुक्त व दूरशिक्षणाला चालना देणे, त्याचा समन्वय साधणे आणि त्याचा दर्जा ठरवणे ही कामे त्या विद्यापीठावर सोपवली. एका क्षेत्राला दोन राखणदार मिळाले. त्यांची हद्द कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे कायद्याने स्पष्ट केले नाही. पुढच्या पंचवीस वर्षांतील बऱ्याच गोंधळाचे मूळ इथेच आहे.

नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे जुन्या पद्धतीची ताकद आणि तिचा ताठरपणा दोन्ही त्यांनी जवळून पाहिलेले होते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने एक पद्धत रूढ केली होती. अभ्यासक्रम एका प्राध्यापकाने न लिहिता विषयतज्ज्ञ, संपादक आणि अध्ययनतंत्र जाणणारे यांच्या गटाने लिहायचा, अशी ती पद्धत. नाशिकने ती स्वीकारली. लेखकाने मजकूर दिला की त्याच्या आशयाचे, भाषेचे आणि अनुदेशनाच्या तंत्राचे स्वतंत्र संपादन व्हायचे. नामवंत प्राध्यापकाचा मजकूरही या चाळणीतून सुटत नसे.

या पुस्तकांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पाठ्यपुस्तक प्रकरणांत नव्हे, ‘घटकां’त विभागलेले असते. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे येतात : हा घटक वाचून झाल्यावर काय सांगता यावे, काय करता यावे. त्यानंतर प्रास्ताविक, मग लहान लहान उपविभागांत विषयविवेचन. मध्येच मजकूर थांबतो आणि दोन-चार प्रश्न विचारले जातात, उत्तरासाठी मोकळी जागा सोडलेली असते आणि बरोबर उत्तरे घटकाच्या शेवटी दिलेली असतात. शेवटी सारांश, पारिभाषिक शब्दांचे अर्थ, सरावाचे स्वाध्याय आणि पुढच्या वाचनाची यादी. वर्गात शिक्षक ज्या ठिकाणी थांबून ‘कळलं का?’ असे विचारतो, त्या ठिकाणी छापील पान थांबते. ही रचना म्हणजे कागदावर उतरवलेली दर्जानियंत्रणाची पहिली पायरी होती आणि ती कोणत्याही नियामकाने मागण्याआधी विद्यापीठाने स्वतः घालून घेतली होती. पुढे राष्ट्रीय विनियमांत स्वयंअध्ययन साहित्याचे जे निकष आले, त्यांत हीच अंगे दिसतात.

पुस्तक चांगले असले तरी पदवी चालेल का, ही शंका विद्यार्थ्याच्या घरात कायम होती. नोकरीच्या अर्जाबरोबर जोडलेल्या प्रमाणपत्रावर ‘मुक्त’ हा शब्द दिसला की कार्यालयात कारकून दोनदा पाहत असे. १ मार्च १९९५ च्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या अधिसूचनेने या शंकेला पहिले अधिकृत उत्तर दिले. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या पदव्या केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आपोआप ग्राह्य धरल्या जातील, असे तिने सांगितले. मात्र त्यासाठी दूरशिक्षण परिषदेची आणि आवश्यक तिथे तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता हवी, ही अट होती. त्या अटीने दर्जाची तपासणी थेट विद्यार्थ्याच्या पोटापाण्याशी जोडली गेली. मान्यता हा शब्द फायलीतून निघून घराघरांत गेला, तो या अधिसूचनेपासून.

अधिसूचनेत उल्लेखलेली दूरशिक्षण परिषद १९९१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या परिनियमाने स्थापन झाली होती. तिला स्वतंत्र कायदा नव्हता. त्या विद्यापीठाचे कुलगुरू हेच तिचे पदसिद्ध अध्यक्ष. १९९५ मध्ये ताकवले दिल्लीला राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे ज्यांनी नाशिकला एक राज्य मुक्त विद्यापीठ उभे केले, तेच अशा सर्व विद्यापीठांची तपासणी करणाऱ्या परिषदेच्या प्रमुखपदी बसले. परिषदेचे काम तीन प्रकारचे होते. राज्य मुक्त विद्यापीठांना विकासासाठी अनुदान देणे, तज्ज्ञांच्या समित्या पाठवून संस्था व अभ्यासक्रम यांची पाहणी करणे आणि साहित्यनिर्मिती, अभ्यासकेंद्रे व परीक्षा यांसाठी मार्गदर्शक नियम तयार करणे. अनुदान आणि तपासणी एकाच हाती असल्याने परिषदेचे म्हणणे ऐकले जाई, हे खरे. त्यातला दोषही उघड होता. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्वतःची अभ्यासकेंद्रे महाराष्ट्रातही होती, तेव्हा परीक्षक आणि स्पर्धक एकाच घरातले, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही.

दोन राखणदारांतली ओढाताण मिटवण्यासाठी २००७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि दूरशिक्षण परिषद यांनी तीन वर्षांचा सामंजस्य करार केला आणि संयुक्त समितीमार्फत मान्यता देण्याचे ठरवले. करार संपला आणि प्रश्न तिथेच राहिला. दरम्यान २००९ मध्ये अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आयोगाचे किमान मानकांचे विनियम दूरशिक्षणालाही लागू आहेत आणि पहिली पदवी नसताना मिळवलेली पदव्युत्तर पदवी वैध नाही. खटला तमिळनाडूतला, पण निकालाचा अर्थ देशातल्या प्रत्येक मुक्त विद्यापीठाने आपापल्या प्रवेशनियमांवर लावून पाहिला. मोकळ्या दाराची मर्यादा प्रथमच इतक्या निःसंदिग्ध शब्दांत सांगितली गेली होती. त्याच वर्षी आयोगाच्या नव्या विनियमांनी दूरशिक्षण पद्धतीने एम.फिल. आणि पीएच.डी. देण्यालाही मनाई केली.

पुढे कायदेतज्ज्ञ एन. आर. माधव मेनन यांच्या समितीने दूरशिक्षणाच्या नियमनाची फेरमांडणी सुचवली. एका विद्यापीठाच्या पोटातली परिषद इतर विद्यापीठांचे नियमन करू शकत नाही, हा तिचा मुख्य मुद्दा. स्वतंत्र कायद्याने नवी संस्था काढण्याची शिफारस मागे पडली. मधला मार्ग म्हणून २०१३ मध्ये दूरशिक्षण परिषद विसर्जित करून तिचे काम विद्यापीठ अनुदान आयोगातील दूरशिक्षण ब्युरोकडे देण्यात आले. परिषदेच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी राखणदार एक झाला.

नाशिकच्या दृष्टीने खरा अवघड भाग पुस्तकापेक्षा अभ्यासकेंद्र हा होता. मुक्त विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी ज्ञानगंगोत्रीची पायरी कधीच चढत नाहीत. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातले एक कार्यालय, तिथला केंद्रप्रमुख, केंद्रसंयोजक आणि समंत्रक. समंत्रण सत्रे बहुधा रविवारी किंवा सुटीच्या दिवशी होतात, कारण इमारत आणि शिक्षक आठवडाभर दुसऱ्याच विद्यापीठाच्या कामात असतात. समंत्रकाने सगळा विषय शिकवायचा नसतो. पुस्तक वाचून आलेल्याच्या अडचणी सोडवायच्या असतात. प्रत्यक्षात पुस्तक न वाचता आलेले विद्यार्थी व्याख्यानाची अपेक्षा करतात आणि समंत्रकही सवयीने व्याख्यान देतो. कधी सत्राला कोणी फिरकतच नाही आणि गृहपाठ शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा येतात. कागदावर एका श्रेयांकाला तीस तासांचे अध्ययन धरलेले असते. त्यातले समंत्रणाचे तास थोडे, वाचन आणि स्वाध्याय यांचे जास्त. घरी किती तास वाचन झाले, हे कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

अमरावती, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), मुंबई, नागपूर, नाशिक, पुणे, कोल्हापूर आणि नांदेड येथील विभागीय केंद्रे या अभ्यासकेंद्रांवर देखरेख ठेवतात. केंद्र देण्यापूर्वी जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पात्र शिक्षक पाहायचे आणि नंतर वेळोवेळी भेटी द्यायच्या, ही पद्धत. देशात इतरत्र याच काळात दूरशिक्षणाचे केंद्र म्हणजे दुकानाच्या माळ्यावरची खोली, असे चित्र तयार झाले होते. अनेक संस्था राज्याबाहेर कमिशनवर केंद्रे वाटत होत्या. राज्य विद्यापीठांनी आपल्या राज्याच्या हद्दीत राहावे, असे आयोगाने २०१३ मध्ये बजावले ते याच कारणाने.

विषयवार परिषदांचा पहारा वेगळाच. अध्यापक शिक्षणासाठी १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आली आणि दूरशिक्षणातील बी.एड. तिच्या मान्यतेशिवाय चालवता येईनासे झाले. ते सेवेत असलेल्या शिक्षकांपुरते ठेवले गेले, कारण सरावपाठ घ्यायला हाताशी शाळा हवी. अभियांत्रिकीचा प्रश्न २०१७ मध्ये टोकाला गेला. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी कडक निर्णय दिला. पुढे आयोगाने अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, विधी, वास्तुशास्त्र यांबरोबर कृषी विषयालाही दूरशिक्षणाच्या मनाई यादीत घातले. नाशिकला त्यातली कृषीची नोंद अधिक बोचणारी होती. शेतकऱ्याला त्याच्याच शेतावर, त्याच्याच भाषेत शिकवण्याचा प्रयोग हे या विद्यापीठाचे जुने वैशिष्ट्य. त्यासाठी स्वतंत्र कृषिविज्ञान विद्याशाखा आहे आणि विद्यापीठ कृषी विज्ञान केंद्रही चालवते. शिवार हीच ज्याची प्रयोगशाळा आहे, त्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेच्या अभावाचा नियम लावणे कितपत योग्य, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. राष्ट्रीय मानक एकसारखे असते, त्यामुळे चांगला अपवाद आणि वाईट अपवाद यांत ते फरक करत नाही.

मुक्त शिक्षणाच्या स्वभावाला धरून असलेले पहिले सविस्तर नियम म्हणजे आयोगाचे २३ जून २०१७ चे मुक्त व दूरशिक्षण विनियम. ४ सप्टेंबर २०२० रोजी त्यांची जागा ऑनलाइन शिक्षणालाही कवेत घेणाऱ्या विनियमांनी घेतली. या दोन्हींमुळे विद्यापीठाचे रोजचे काम बदलले. प्रत्येक अभ्यासक्रमाचा प्रकल्प अहवाल आधी तयार करावा लागतो : हा अभ्यासक्रम कोणासाठी, त्याची गरज काय, तो दूरस्थ पद्धतीने शिकवता येण्याजोगा आहे का, शिक्षक किती, साहित्य कोणते, खर्च किती. केंद्र फ्रँचायझी तत्त्वावर देता येत नाही. समंत्रकाची पात्रता सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची लागते. अंतिम परीक्षेला किमान ७० टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाला कमाल ३० टक्के भार ठरला. परीक्षा केंद्रावर कॅमेरे आणि विद्यार्थ्यांच्या हजेरीची बायोमेट्रिक नोंद आली. मान्यतेची पत्रे, अभ्यासक्रम, शिक्षक आणि केंद्रे यांची माहिती विद्यापीठाने स्वतः जाहीर करायची आणि ती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. सर्वांत महत्त्वाची तरतूद अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्राची. कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील समिती, पूर्णवेळ संचालक आणि दरवर्षी आयोगाला अहवाल, असे तिचे स्वरूप आहे. बाहेरची समिती पाच वर्षांतून एकदा येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. गृहपाठ तपासले गेले का, पुस्तके वेळेत पोहोचली का, जुना आशय बदलला का, हे पाहणारे माणूस मात्र आतलेच हवे. विनियमांनी हे मान्य केले, हा त्यांचा मोठा गुण. त्यांचा दोष असा की प्रत्येक गोष्टीला नमुना, प्रत आणि जोडपत्र लागते आणि लहान विद्याशाखेचे दोन-तीन शिक्षक वर्षाचा मोठा भाग तक्ते भरण्यात घालवतात.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, या साऱ्यात उशिरा आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या प्रेरणेने १९९४ मध्ये बंगळुरू येथे ती स्थापन झाली. नाशिक शहरातल्या महाविद्यालयांत तिच्या समितीची भेट हा एव्हाना परिचित सोहळा झाला आहे : भिंतींना रंग, फायलींना नवी कव्हरे, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सुरुवातीची तारांकित श्रेणी जाऊन अक्षरश्रेणी आली आणि २०१७ मध्ये आकडेवारीवर भर देणारी पद्धत आली. तीत संस्थेने संगणकावर भरलेली माहिती आधी तपासली जाते, विद्यार्थ्यांचे समाधान विचारले जाते आणि समितीची प्रत्यक्ष भेट त्यानंतर होते. परंतु ‘नॅक’चे सात निकष वर्ग, वसतिगृह आणि क्रीडांगण गृहीत धरून लिहिलेले होते. ज्या विद्यापीठात विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर या कल्पनेलाच वेगळा अर्थ आहे, तिथे ते जसेच्या तसे लावणे म्हणजे विद्यापीठ आणि निकष या दोघांवरही अन्याय. मुक्त विद्यापीठांसाठी स्वतंत्र नियमपुस्तिका झाल्यावरच हा अडसर दूर झाला. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च ‘अ++’ श्रेणी मिळाली ती या नव्या चौकटीत. साहित्यनिर्मिती, विद्यार्थी साहाय्य सेवा आणि केंद्रांचे जाळे यांना तीत स्वतंत्र स्थान आहे.

परीक्षेबाबत राष्ट्रीय नियामकाचा अधिकार किती खोल जातो, हे करोनाकाळात दिसले. राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता पदवी देण्याचे ठरवले होते. आयोगाच्या ६ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचना मात्र परीक्षा घ्याव्यात अशा होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही हे निश्चित केले. राज्याला मुदतवाढ मागता येईल, परीक्षा टाळता येणार नाही. घटनेच्या ६६ व्या नोंदीचा अर्थ इतक्या ठळकपणे सामान्य विद्यार्थ्यापर्यंत त्याआधी कधी पोहोचला नव्हता. मुक्त विद्यापीठाच्या दृष्टीने या निकालाला आणखी एक बाजू होती. प्रवेशाला चाळणी नसलेल्या संस्थेत परीक्षाही गेली असती, तर पदवीच्या विश्वासार्हतेचा उरलेला मोठा आधार गेला असता.

सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने २०२० च्या विनियमांचा दाखला देऊन जाहीर केले की मान्यताप्राप्त संस्थांच्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. १९९५ च्या अधिसूचनेचा रोख केंद्र सरकारच्या नोकरीपुरता होता, ही समकक्षता त्याहून व्यापक आहे. दरम्यान २०२१ च्या विनियमांनी शैक्षणिक श्रेयांक पेढी सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि तो अभ्यासक्रम किंवा संस्था बदलताना ते पुढे नेऊ शकतो. मुक्त विद्यापीठे श्रेयांकांवर प्रथमपासूनच चालत आली होती. नियमित विद्यापीठांना ती भाषा नव्याने शिकावी लागली. २०२४ च्या सत्रापासून दूरशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने या पेढीच्या क्रमांकाच्या आधारे आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यायचा असतो. ज्या संस्थेला किंवा अभ्यासक्रमाला त्या वर्षी मान्यता नाही, त्यासाठी हा क्रमांक निघत नाही, त्यामुळे अर्ज भरतानाच विद्यार्थ्याला ते कळते. प्रवेश विद्यापीठ देते, पण त्याची नोंद आता दिल्लीतही होते.